फिलिपिनो नर्सनी अमेरिकेच्या फाइली घरून तपासाव्यात का?

निशिगंध
अमेरिकी आरोग्य विम्याच्या पूर्वमंजुरीच्या, म्हणजे उपचाराआधी विमा कंपनीकडून घ्यायच्या मंजुरीच्या, कितीतरी फाइली आज फिलिपिन्समधल्या मनिला-सेबूतल्या नर्स घरून तपासतात. त्यासाठी बहुतेक ठिकाणी एनक्लेक्स ही अमेरिकेची नर्सिंग परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊन अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा परवाना काढलेली नर्स लागते. तिकडे तिला ‘यूएसआरएन’ (यूएस रजिस्टर्ड नर्स) म्हणतात. डॉक्टरांच्या नोंदी, अहवाल, औषधं वाचून ती केस इंटरक्वाल किंवा एमसीजी या, उपचार गरजेचा आहे का हे ठरवणाऱ्या, छापील निकषांशी ताडून पाहायची. निकषात बसली तर मंजुरी. नाही बसली तर नर्स नाकारत नाही, फाइल डॉक्टरकडे जाते. काही जण याला कॉल सेंटर म्हणतात, ते अन्यायाचं आहे. फिलिपिन्समध्ये सरकारी नर्सला पंधरावी वेतनश्रेणी देणारा कायदा २००२ चा, पण सर्वोच्च न्यायालयाने तो २०१९ मध्ये वैध ठरवल्यावर कुठे ती श्रेणी हातात पडली. खासगी रुग्णालयांना ती लागूच नाही. मग हे काम नर्सनी का सोडावं?

दक्षिणायन
कारण हातचं कसब जातं. यातल्या बऱ्याच जणी ईबी-३ या अमेरिकेत कायम नोकरीसाठीच्या व्हिसाच्या रांगेत आहेत. रांग सरकेपर्यंत फाइली तपासल्या आणि मग अमेरिकी रुग्णालयाने अलीकडचा वॉर्डातला अनुभव मागितला, तर दाखवणार काय? पूर्वमंजुरीची वर्षं त्यात सहसा धरत नाहीत. शिवाय मागे राहिलेल्या वॉर्डांत एकेका नर्सच्या वाट्याला आणखी खाटा येतात, ते वेगळंच.

हिशेबनीस
दोघंही कराराबद्दल बोलत नाही आहात. यातली बरीच कामं नोकरी म्हणून नाही, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणून दिली जातात. महिना ६०,००० पेसो धरा. एसएसएसचा (तिथल्या सामाजिक सुरक्षा निधीचा) हप्ता २०२५ पासून १५ टक्के, तोही पगाराच्या कमाल ३५,००० वर. नोकरीत त्या १५ पैकी १० टक्के मालक भरतो. कंत्राटात ते ३,५०० तुमच्या अंगावर. फिलहेल्थ या सरकारी आरोग्य विम्याच्या ५ टक्क्यांतला मालकाचा अर्धा वाटा, म्हणजे १,५००, तोही तुमचाच. वर्षाअखेरचा तेरावा पगार नाही, महिन्याला ५,००० गेले. रात्री १० ते सकाळी ६ या तासांचा १० टक्के रात्रपाळी भत्ता नाही, आणखी सुमारे ५,०००. म्हणजे आकडा तोच, पण नोकरी आणि कंत्राटात महिन्याला १५ हजारांचा फरक! २०१८ चा घरून कामाचा कायदा समान वागणूक देतो, पण कर्मचाऱ्याला. कंत्राटदाराला नाही.

निशिगंध
करारापुरतं मान्य. वॉर्डांचं ओझं मात्र नर्सवर टाकू नका. २०२० मध्ये सरकारने परदेशी जाणाऱ्या नर्सवर वर्षाला ५,००० जणांची मर्यादा घातली. २०२१ मध्ये ती ६,५०० आणि मग ७,००० करावी लागली. अडवून माणसं टिकत नाहीत, पगाराने टिकतात.

वीजवाला
रोजची अडचण कुणीच मांडली नाही. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे मनिलात उन्हाळ्यात रात्रीचे ९, हिवाळ्यात १०. कॅलिफोर्नियाचं काम असेल तर मध्यरात्री किंवा १ वाजता सुरुवात. आपल्याकडे पुण्यात मेडिकल बिलिंगवाल्यांचे तास काढून पाहा, हीच तऱ्हा. रुग्णाची माहिती गोपनीय, त्यामुळे बंद खोली हवी, कागदावर टिपण नाही, प्रिंट नाही. वीज गेली म्हणून कॅफेत जाऊन बसता येत नाही. डिसेंबर २०२१ च्या ओडेट वादळानंतर सेबूत कित्येक भागांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. यूपीएस राउटर थोडा वेळ जगवतो, पण टॉवरच बंद पडला तर दुसऱ्या कंपनीचं सिमही उपयोगाचं नाही. आणि १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकी ज्येष्ठांच्या विम्यातल्या मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजसारख्या योजनांना तातडीच्या पूर्वमंजुरीचा निर्णय ७२ तासांत, साधारण अर्जाचा ७ दिवसांत द्यायचा आहे. तो ताण फाइल उघडणाऱ्यावरच येणार.

दक्षिणायन
शिवाय अमेरिकेतली काही राज्यं मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी विम्याच्या रुग्णांची माहिती देशाबाहेर जाऊ देत नाहीत. ग्राहक बदलला की अख्खी टीम एका रात्रीत रिकामी. कंत्राटात नोटिशीचे दिवस लिहिलेले नसतील, तर ६० हजारांसाठीही सही करू नये. आणि जिला पुढे परदेशी वॉर्डात जायचंच आहे, तिने घरून काम अर्धवेळच घ्यावं, उरलेल्या पाळ्या रुग्णालयात कराव्यात.

हिशेबनीस
अर्धवेळ म्हणजे रात्री फाइली आणि दिवसा वॉर्ड. झोपेचा हिशेब मांडा. ३० दिवसांच्या नोटिशीचं मात्र लेखी घ्यायलाच हवं.