तळहातांना सतत येणाऱ्या घामावर शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

प्रश्न (गेजवाला): मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. शाळेत असल्यापासून माझ्या दोन्ही तळहातांना आणि तळपायांना घाम येतो. तो थंडीतही येतो, आणि कोणी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला की अधिकच येतो. वडिलांनाही हा त्रास होता. आता तो नोकरीत आड येऊ लागला आहे, कारण मी हाताळलेल्या ग्राइंडिंग झालेल्या जॉबवर (घासून गुळगुळीत केलेल्या लोखंडी भागावर) दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे गंजून उमटतात, आणि हातमोजे घातले तर मायक्रोमीटरचा (सूक्ष्म मापे घेण्याच्या उपकरणाचा) नेमका स्पर्श कळत नाही. शस्त्रक्रियेने घाम कायमचा बंद होतो असे ऐकले. ती करून घ्यावी का?

प्रतिसाद (त्वचारोगतज्ज्ञ): शस्त्रक्रियेचा विचार अगदी शेवटी करावा. आधी एक गोष्ट घरच्यांना विचारा: गाढ झोपेत तुमचे हात कोरडे असतात का? लहानपणापासूनचा, दोन्ही बाजूंना सारखा, झोपेत थांबणारा आणि घरात आणखी कोणाला असलेला घाम बहुधा प्राथमिक स्वरूपाचा, म्हणजे दुसऱ्या आजारामुळे न येणारा, असतो. यात घर्मग्रंथी निरोगीच असतात, पण अनुकंपी मज्जासंस्थेकडून (शरीराच्या आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणाऱ्या मज्जातंतूंकडून) त्यांना गरजेपेक्षा जास्त संदेश जातात; घामाची धास्ती वाटली की ते संदेश आणखी वाढतात. याउलट घाम अलीकडेच सुरू झाला असेल, सर्वांगाला येत असेल, रात्री कपडे भिजत असतील, सोबत ताप, वजनातील घट किंवा छातीत धडधड असेल, तर थायरॉइड, क्षयरोग, रक्तशर्करा आणि चालू औषधे (विशेषतः नैराश्यावरील) यांची तपासणी टाळू नये.

उपचाराची सुरुवात साधारण 20 टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणाने होते. ते रात्री पूर्ण कोरड्या हातांना लावून सकाळी धुवायचे असते. ओल्या त्वचेवर लावल्यास आग होते, आणि बरेच जण औषध सोडून देतात ते याच कारणाने. तळहाताची त्वचा जाड असल्यामुळे काखेत मिळतो तितका गुण येथे मिळेलच असे नाही. टाल्कम पावडरने घाम थांबत नाही.

प्रतिसाद (इचलकरंजीकर): मला द्रावणाचा उपयोग झाला नाही, पण आयन्टोफोरेसिसचा झाला. साध्या नळाच्या पाण्याच्या दोन ट्रेमध्ये हात ठेवून त्यातून 15 ते 20 मिलिॲम्पिअरचा सौम्य प्रवाह 20 ते 30 मिनिटे सोडतात. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा जावे लागते, काही आठवड्यांनी फरक जाणवतो आणि पुढे अधूनमधून उपचार चालू ठेवावा लागतो, म्हणून मी डॉक्टरांच्या सल्ल्याने यंत्रच विकत घेतले. अंगठी काढावी आणि जखमेवर व्हॅसलिन लावावे, नाहीतर तिथे चांगलाच चटका बसतो. पेसमेकर असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी हा उपचार घेऊ नये.

प्रतिसाद (वाचक_सातारा): माझी शस्त्रक्रिया झाली आहे. छातीतून दुर्बिणीने अनुकंपी मज्जातंतू तोडतात आणि हात खरोखर त्याच दिवशी कोरडे होतात. मात्र तेव्हापासून पाठ, पोट आणि मांड्या यांना इतका घाम येतो की उन्हाळ्यात दुपारी सदरा बदलावा लागतो. असा भरपाईचा घाम या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना येतो आणि तो परतवण्याचा खात्रीचा उपाय नाही, हे मला आधी कोणी नीट समजावून सांगितले नव्हते.

गेजवाला: सर्वांचे आभार. झोपेत हात कोरडे असतात, असे पत्नीने सांगितले. बोटॉक्सची इंजेक्शने किंवा गोळ्या यांचा विचार करावा का? मला दिवसातून काही वेळ फाउंड्री विभागातही (जिथे धातू वितळवून ओततात) जावे लागते.

त्वचारोगतज्ज्ञ: बोट्युलिनम (बोटॉक्स) इंजेक्शनांचा परिणाम काही महिने टिकतो, पण तळहातात ती फार दुखतात आणि काही आठवडे पकड सैल पडू शकते, मायक्रोमीटर धरणाऱ्याला ते परवडणार नाही. ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिन या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते आणि, मुख्य म्हणजे, सगळ्या अंगाचाच घाम कमी होतो. भट्टीजवळ काम करणाऱ्या माणसाला घामानेच थंड राहायचे असते, त्यामुळे उष्माघाताचा धोका वाढतो. या गोळ्या कोणी लिहून दिल्या तर फाउंड्रीचा उल्लेख त्या डॉक्टरांकडे अवश्य करा. तुमच्या बाबतीत मी आधी द्रावण आणि मग आयन्टोफोरेसिस हाच क्रम ठेवीन. तोवर तपासलेल्या जॉबवर लगेच गंजरोधक तेल लावत जा.