नोकरी सांभाळून पुरातत्त्व शिकता येईल का?

वय ४३, फुल टाइम नोकरी. मेसोपोटेमिया, इजिप्त, सिंधू संस्कृती यांचं लहानपणापासून वेड आहे, आता पार्ट टाइम कोर्स करायचा म्हणतोय पण इतिहास शाळेनंतर सुटला तो सुटलाच, झेपेल का?

– झेपेल की! आधी एकच संस्कृती धरा. आणि उत्खननातले मातीचे थर वाचायला नीट शिका, खालचा थर सहसा जुना पण मधेच कुणी खड्डा खणलेला असला की नंतरची वस्तू खाली सापडते, तिथेच खरी मजा.

– मी खापरांपासून सुरुवात केली. काठाचा छोटा तुकडा, पण त्याच्या वळणावरून अख्ख्या भांड्याचं तोंड केवढं होतं ते काढता येतं, पहिल्यांदा जमलं तेव्हा अंगावर काटा आला!

– लिनियर बी ही प्राचीन ग्रीसमधली लिपी १९५२ मध्ये उलगडली ती मायकेल व्हेंट्रिसने, आणि तो पेशाने आर्किटेक्ट होता. घ्या ॲडमिशन.