बडोद्याहून पुदुच्चेरी : चार मुक्कामांत काय बसवावे आणि काय गाळावे?

रावपुऱ्याची सून यांचा प्रश्न

नमस्कार. प्रजासत्ताक दिनाची गर्दी ओसरली की जानेवारीच्या अखेरीस आम्ही चौघे पुदुच्चेरीला जाण्याच्या विचारात आहोत. मी, यजमान, नऊ वर्षांची मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई असे आम्ही चौघे असू आणि तेथे चार मुक्काम करता येतील. अडचण अशी की प्रत्येकाची पुदुच्चेरी वेगळी आहे.

सासूबाई गेली कित्येक वर्षे दांडिया बाजारातील अरविंद निवासात नियमाने ध्यानाला जातात. श्रीअरविंद १८९३ ते १९०६ या काळात बडोदे संस्थानाच्या नोकरीत होते, बडोदा कॉलेजात शिकवीत होते, हे आपल्याकडे सर्वांनाच ठाऊक आहे; पण सासूबाईंच्या दृष्टीने तो इतिहास नसून शेजार आहे. “सुरुवात झाली ती जागा रोज पाहते, शेवट झाला ती एकदा पाहू दे,” एवढेच त्यांचे मागणे आहे. यजमानांना जिंजीचा किल्ला पाहायचा आहे. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचे स्थान मिळाले, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा तेवढा एकच, हे वाचल्यापासून घरात दुसरा विषय नाही. मुलीला समुद्रात डुंबायचे आहे. माझे मन मात्र तंजावरात अडकले आहे. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई तंजावरच्या. त्यांच्याबरोबर आलेल्या नर्तकींमुळे बडोद्यात भरतनाट्य रुजले, आणि लहानपणी चार वर्षे का होईना, मीही ते शिकले आहे.

म्हणून मी अशी आखणी केली : पहिल्या दिवशी चेन्नईला उतरून महाबलिपुरम पाहत पुदुच्चेरी, दुसऱ्या दिवशी श्रीअरविंदांचा आश्रम आणि जवळची ऑरोविल ही वसाहत, तिसऱ्या दिवशी जिंजी, चौथ्या दिवशी चिदंबरम आणि तंजावर करून रात्री परत, पाचव्या दिवशी सकाळी चेन्नई. कागद पाहून यजमान म्हणाले की ही सहल नसून कर्नाटकाची स्वारी आहे. जाणकारांनी कृपया सांगावे की यातून काय गाळावे, मुक्काम कोठे करावा, आणि रेल्वेने जावे की विमानाने.

सुरसागरकाठी यांचे उत्तर

ताई, आपली आखणी नकाशावर सुरेख दिसते, परंतु पुदुच्चेरीहून तंजावर साधारण १७५ किलोमीटर आहे. चिदंबरम वाटेत लागते हे खरे; पण दोन मोठी देवळे आणि येण्याजाण्याचे आठ तास एका दिवसात कोंबले, तर तंजावरच्या बृहदीश्वराचे शिखर पाहताना आपले लक्ष घड्याळाकडे राहील. तंजावरला राजवाडा आहे, सरस्वती महाल ग्रंथालय आहे, मोडीतील कागदपत्रे आहेत. बडोद्याच्या मराठी माणसाने तेथे दोन दिवस तरी काढावेत. ते माहेरपण वेगळे ठेवा. महाबलिपुरम मात्र गाळू नका. चेन्नईहून पुदुच्चेरीला जाणाऱ्या सुमारे १५० किलोमीटरच्या किनारी रस्त्यावरच ते आहे. गाडी थांबवून समुद्रकाठचे देऊळ आणि रथ पाहायला दोन-अडीच तास पुरतात.

मुक्कामाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तेथेच मी फसलो होतो. जुन्या पुदुच्चेरीतून एक कालवा जातो. त्याच्या समुद्राकडील अंगाला फ्रेंचांची वस्ती होती आणि दुसऱ्या अंगाला तमिळ वस्ती. फ्रेंच भागातील सरळ रेषेतले रस्ते, पिवळ्या भिंती आणि त्यांवरची पांढरी किनार, कुंपणावरून रस्त्यावर झुकलेली बोगनवेल, हे सर्व पायीच पाहायचे असते आणि जमीन सपाट असल्याने सासूबाईंनाही ते झेपेल. म्हणून मुक्काम याच भागात असावा. मी मात्र घाईने ‘समुद्रासमोर’ अशी जाहिरात वाचून एक खोली घेतली. समुद्र होता, पण तो न्हाणीघराच्या खिडकीतून आणि तोही बादली पालथी घालून तिच्यावर उभे राहिले तरच दिसत असे. दुसरी गोष्ट आम्हांला कोणी सांगितली नव्हती. संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत समुद्राकाठचा रस्ता वाहनांना बंद असतो. आम्ही सातला पोहोचलो आणि तीन बॅगा, एक पिंप आणि सौभाग्यवतींचा राग असे सारे सामान हातांनी वाहून नेले. तेव्हा सहाच्या आत पोहोचावे.

आपल्या घरचा हेतू पाहता आश्रमाच्या अतिथिगृहांपैकी एखादे मिळते का ते आधी पाहावे. त्यांतले पार्क गेस्ट हाउस समुद्राला लागून आहे. बाग आहे, स्वच्छता आहे. तेथे दूरचित्रवाणी नाही, मद्यपान व धूम्रपान चालत नाही आणि रात्री साडेदहाच्या सुमारास फाटक बंद होते. आपल्याला यात गैरसोय वाटू नये. नोंदणी मात्र पुष्कळ आधी करावी लागते. २१ फेब्रुवारी हा माताजींचा, म्हणजे श्रीअरविंदांच्या सहकारी मीरा अल्फासा यांचा, जन्मदिवस असल्यामुळे त्या सुमाराला खोली मिळणे कठीण.

रेल्वेने जायचे तर नवजीवन एक्सप्रेस बडोद्याहून थेट चेन्नईला जाते, पण त्यात दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस जातो. चारच मुक्काम असतील तर सासूबाईंसाठी अहमदाबादेहून थेट चेन्नईचे विमान बरे. द्रुतगती मार्गाने अहमदाबादचा विमानतळ आपल्याला दोन तासांवर आहे.

चेन्नईकर बडोदेवाला यांचे उत्तर

वरील बहुतेक मजकुराशी मी सहमत आहे. महाबलिपुरमविषयी मात्र नाही. पहाटे बडोद्यातून निघालेली ७२ वर्षांची व्यक्ती, विमान, त्यानंतर दुपारच्या उन्हात दगडी देवळे आणि पुन्हा दोन तास गाडी, हा पहिल्याच दिवशीचा जुलूम कशासाठी? येताना नव्हे, परतताना सकाळी पाहा. विमान संध्याकाळचे घ्या, म्हणजे पाचवा दिवस नुसता रस्त्यात जाणार नाही.

आश्रमाबद्दल सांगायचे, तर मनात मोठ्या परिसराचे चित्र असल्यास ते बाजूला ठेवा. राखाडी रंगाच्या साध्या इमारती आहेत. चपला बाहेर ठेवून आत शिरले की कुंड्या आणि झाडांमधून जाणारी वाट अंगणात पोहोचते, आणि त्या अंगणात एका मोठ्या सोनमोहराखाली संगमरवरी समाधी आहे. श्रीअरविंद १९५० च्या डिसेंबरात गेले, माताजी १९७३ च्या नोव्हेंबरात. दोघेही तेथेच आहेत. समाधीवर रोज फुलांची रचना करतात. लोक कडेला गुडघे टेकून कपाळ दगडाला लावतात आणि तसेच राहतात, कोणी दोन मिनिटे, कोणी वीस. बोलायचे नाही, छायाचित्र काढायचे नाही. वरून सोनमोहराचे बारीक पान एखादे पाठीवर पडते तेवढीच काय ती हालचाल. मुलगी नऊ वर्षांची आहे, त्यामुळे तिला प्रवेशाची अडचण नाही. गप्प बसण्याची सवय मात्र घरूनच करून न्यावी. सकाळ आणि दुपार अशा दोन वेळा अंगण उघडे असते. सासूबाईंना दोन्ही वेळा जाऊ द्यावे आणि आपण बाकीच्यांनी त्या वेळात फ्रेंच वस्तीत फिरावे. त्यांच्या या एका जागेसाठी अर्धा दिवस ठेवला आहे आणि किल्ल्यासाठी पूर्ण दिवस, हे मला जरा उलटे वाटले.

आणखी एक दुवा त्यांना माहीत असेलच, पण मुलीला सांगण्याजोगा आहे. १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर, १९०८ च्या जानेवारीत, श्रीअरविंद बडोद्याला आले आणि विष्णु भास्कर लेले या आपल्या मराठी योग्याबरोबर सरदार मजुमदारांच्या वाड्याच्या माडीवरील एका लहान खोलीत तीन दिवस बसले. मन निःशब्द होण्याचा अनुभव त्यांना तेथे आला. पुदुच्चेरीला ते ४ एप्रिल १९१० रोजी पोहोचले. म्हणजे आश्रमातील ज्या शांततेसाठी लोक जगभरातून येतात, तिचा एक धागा आपल्याच गावच्या माडीवर आहे.

ऑरोविलबाबत एक अडथळा आहे. तेथील मातृमंदिर या सोनेरी गोलाकार वास्तूच्या आतील ध्यानकक्षात दहा वर्षांखालील मुलांना सोडत नाहीत, आणि मोठ्यांनाही आयत्या वेळी जाऊन प्रवेश मिळत नाही. आधी नाव नोंदवावे लागते. मंगळवारी तो अभ्यागतांसाठी बंद असतो. त्यामुळे आपणांपैकी एकाने मुलीबरोबर बाहेर थांबावे, किंवा सर्वांनी बाहेरील निरीक्षणस्थळावरून तो सोनेरी गोल पाहून परतावे. तेथपर्यंत सुमारे किलोमीटरभर सावलीतून चालावे लागते. सासूबाईंसाठी वाहनाची सोय आहे का, हे अभ्यागत केंद्रात आधीच विचारावे.

मुलीला समुद्र दाखवा, पण शहरासमोर डुंबण्याची आशा देऊ नका. तेथे काळे धोंडे रचलेले आहेत. १९८० च्या दशकात दक्षिणेला बंदराच्या भिंती समुद्रात घातल्या गेल्या, त्यामुळे किनाऱ्याबरोबर उत्तरेकडे सरकणारी वाळू अडली आणि शहरापुढची चौपाटी धुऊन गेली. अलीकडे समुद्रात बांध घालून थोडी वाळू परत आणली आहे, तरी तो खेळण्यापुरताच भाग समजावा. चुन्नांबारहून होडीने वाळूच्या किनाऱ्यावर जाता येते. तेथेही लाटा ओढ घेतात, पाण्यात घोट्याच्या वर जाऊ नये. त्याऐवजी तिला पहाटे सहाला धोंड्यांवर बसवा. तिथल किंवा दमणला समुद्रात बुडणारा सूर्य तिने पाहिला असेल. येथे तो समुद्रातून वर येतो.

माचीवरचा यांचे उत्तर

यजमानांच्या बाजूने कोणीच लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो. जिंजी पुदुच्चेरीहून टिंडिवनममार्गे साधारण ७० किलोमीटर आहे. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये तो विजापूरकरांकडून घेतला. पुढे राजाराम महाराज तेथे राहिले आणि मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत चालला. तीन डोंगर आणि त्यांना जोडणारा तट पाहिला की आठ वर्षे कशी गेली असतील ते कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्यांतल्या राजगिरीची चढण खडी आहे, पायऱ्या हजारावर आहेत आणि माथ्याजवळ एका खोल फटीवरच्या पुलावरून जावे लागते. यजमानांनी पहाटेच निघून ऊन चढण्याच्या आत माथा गाठावा. सासूबाईंना नेऊ नये असे मी म्हणत नाही. कल्याण महाल, कोठारे आणि पायथ्याचे देऊळ सपाटीवरच आहे. पण वर सुचवल्याप्रमाणे त्या दिवशी त्या आश्रमात अधिक सुखी राहतील. माकडांपासून सावध असावे. आमचे थेपले त्यांनी पुडक्यासकट नेले आणि लोणच्याची बाटली तेवढी उघडून, हुंगून परत ठेवली.

जिंजीला न जाणाऱ्यांनीही जिंजी पाहावी. पुदुच्चेरीच्या समुद्राकाठी गांधीजींचा जो उंच पुतळा आहे, त्याच्याभोवतीचे आठ कोरीव दगडी खांब जिंजीहून आणलेले आहेत. १७५० मध्ये फ्रेंच सेनानी बुसीने किल्ला घेतला आणि तो १७६१ पर्यंत फ्रेंचांकडे होता. संध्याकाळी मुले त्या खांबांना टेकून आइसक्रीम खातात. आपण जवळ जाऊन कोरीवकामावरून हात फिरवावा.

ताई, फ्रेंच वस्तीत ‘ड्यूमा’ नावाचा रस्ता लागेल. पाटीवरील रोमन अक्षरे आपण गुजरातेतील माणसे ‘दुमास’ अशीच, म्हणजे सुरतेजवळच्या चौपाटीच्या नावासारखी, वाचतो आणि टमाटर भजीची लारी शोधू लागतो. हा ड्यूमा म्हणजे पुदुच्चेरीचा, डुप्लेच्या आधीचा फ्रेंच गव्हर्नर. १७४०-४१ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या मागण्या त्याने फेटाळल्या आणि खंडणीऐवजी मद्याच्या काही बाटल्या भेट पाठवल्या. त्या रघूजींच्या पत्नीला इतक्या आवडल्या की प्रकरण निवळले, अशी कथा सांगतात. बाटल्यांचा विषय निघालाच आहे तर, पुदुच्चेरीत त्या स्वस्त असल्या तरी यजमानांनी येताना एकही आणू नये. तमिळनाडूच्या हद्दीवर तपासणी होते आणि गुजरातेत काय होते ते आपण जाणताच.

रावपुऱ्याची सून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री जेवणानंतर सर्व उत्तरे मोठ्याने वाचली. तंजावर गाळले. वाईट वाटले, पण दिवाळीनंतर फक्त तंजावर करायचे असे यजमानांनी कबूल केले आहे आणि आपण सर्व साक्षीदार आहात. महाबलिपुरम परतीच्या वाटेवर ठेवले. जिंजीला यजमान एकटेच पहाटे जातील. त्या दिवशी सासूबाई दोन्ही वेळा समाधीपाशी बसतील आणि मी व मुलगी ‘दुमास’च्या रस्त्याने हिंडू. मातृमंदिर बाहेरूनच पाहू. सोनमोहराचे वाचल्यावर सासूबाईंनी चष्मा मागून घेऊन तो परिच्छेद स्वतः पुन्हा वाचला. त्यानंतर त्यांनी एवढेच विचारले की अतिथिगृहात तळमजल्याची खोली मागता येते का, कारण त्यांचे गुडघे जिना मानत नाहीत.

सुरसागरकाठी

मागता येते. नोंदणीच्या वेळीच वय आणि गुडघ्यांचा त्रास लिहून विनंती करावी. माझ्या आईला त्यामुळे तळमजला मिळाला होता. पोहोचल्यावर मागितल्यास मिळेलच असे नाही.