मदत हवी आहे: वॉटरप्रूफिंगचा कंत्राटदार निवडताना ऑनलाइन अभिप्रायांवर कितपत विसंबावे?

नमस्कार.

मुलुंड पूर्वेला आमची जुनी चार मजली इमारत असून वरच्या मजल्यावरील घरांच्या छताला ओल आली आहे. पावसाळ्यापूर्वी गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घ्यायचे असे सर्वसाधारण सभेत ठरले आणि कोटेशने मागवली. बहुतेक सभासदांचा कल गूगल मॅप्सवर 4.9 तारे असलेल्या कंत्राटदाराकडे आहे. त्याचा दर वाजवी आहे, माणूसही नीट बोलतो. तरीही ते अभिप्राय एकेक करून वाचल्यावर माझे समाधान झालेले नाही.

जवळजवळ सगळे अभिप्राय एप्रिल-मे महिन्यांतले आहेत. माणसे वेळेवर आली, राडारोडा लगेच उचलला, वागणे चांगले होते, असे त्यांत लिहिले आहे आणि ते खरेही असेल. पण लिहिणाऱ्याने त्या गच्चीवर पाऊस पडलेला पाहिलाच नव्हता. मुंबईत चार महिन्यांत सरासरी 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कोब्याला ढाळ बरोबर दिला आहे का, कठड्याच्या सांध्यातून पाणी मुरते का, हे त्या पावसातच कळते, कधी कधी तर दुसऱ्या पावसाळ्यात. शिवाय याच कंत्राटदाराच्या कोटेशनच्या तळाशी ‘काम पूर्ण होताच ऑनलाइन अभिप्राय दिल्यास अंतिम बिलात सवलत’ अशी ओळ आहे. एवढे अभिप्राय उन्हाळ्यातच का जमले, याचा उलगडा मला तिथे झाला.

उलट 4.1 तारे असलेल्या दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावाखाली ऑगस्टमधली एक तक्रार आहे: पाइपच्या तोंडाशी पाणी तुंबते आणि फोन केल्यावर माणूस आठवड्याने आला. त्याखाली कंत्राटदाराचे उत्तर आहे, आणि ढाळ पुन्हा करून दिल्याची भर त्याच ग्राहकाने नंतर घातली आहे. गळती झाल्यावर हा माणूस फोन उचलतो, एवढे तरी त्यातून समजते. कार्यकारिणीने मात्र आकडा पाहून ते कोटेशन बाजूला ठेवले आहे.

भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणले, पण ते ऐच्छिक स्वरूपात आले. त्यामुळे ताऱ्यांमागे कोणी पडताळणी केली असेल असे मला गृहीत धरता येत नाही.

ज्यांनी आपल्या सोसायटीत हे काम करून घेतले आहे, त्यांना कळकळीची विनंती आहे की अनुभव सांगावा. दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी केलेल्या कामांचे पत्ते कंत्राटदाराकडून मागून तिथल्या सेक्रेटरींना आणि विशेषतः वरच्या मजल्यावरील रहिवाशांना भेटावे, असे माझ्या मनात आहे. अनोळखी सोसायटीत अशी चौकशी कितपत करू देतात? बिलातील काही रक्कम पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवण्यास कंत्राटदार तयार होतात का, आणि साधारण किती टक्के? पुढच्या रविवारी बैठक आहे. त्याआधी उत्तरे मिळाल्यास ती मला सभासदांपुढे ठेवता येतील.