एका मार्काने नापास: एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने कोर्टात जावं का, आणि नेमकं काय मागावं? (मध्यममार्गी, ओपीडी, कलम २२६ आणि परीक्षा कक्ष अशा टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

मध्यममार्गी

२०१९ च्या पदवी वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत दोन पेपर असलेल्या विषयासाठी अट अशी होती: प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि दोन्ही मिळून किमान ५० टक्के. आता दोन गुणपत्रिका शेजारी ठेवा. एकाला ६२ आणि ३९, एकूण १०१. दुसऱ्याला ५० आणि ५०, एकूण १००. १०१ वाला नापास, १०० वाला पास.

१९९७ च्या नियमांत फक्त एकाच विषयात राहिलेल्या विद्यार्थ्याला जास्तीत जास्त ५ ग्रेस मार्क द्यायचा अधिकार विद्यापीठाला होता. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी ग्रेस बंद केलं. त्यात पहिल्या वर्षाला अटेम्प्ट चारच, सप्लिमेंटरी (फेरपरीक्षा) धरून. म्हणजे चौथ्या वेळी ३९ पडले की डॉक्टर होण्याचा रस्ताच बंद. माझं मत स्पष्ट आहे. अशा विद्यार्थ्याने राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट याचिका दाखल करावी आणि कोर्टाने थेट नियमच तपासावा. जास्त मार्कवाला नापास ठरवणारा नियम कलम १४ च्या, म्हणजे समानतेच्या कसोटीवर टिकू नये.

ओपीडी

पूर्ण असहमत. एकूण मार्क पाहून चालत नाही, कारण दोन पेपरांत अभ्यासक्रम वेगवेगळा असतो. शेवटच्या वर्षाची सर्जरी घ्या. दुसऱ्या पेपरात जनरल सर्जरीबरोबर अस्थिरोग, भूल, दंत आणि रेडिओलॉजी येतात. मेडिसिनच्याही दुसऱ्या पेपरात मानसोपचार, त्वचारोग, क्षयरोग. प्रत्येक पेपराची स्वतंत्र अट काढली तर विद्यार्थी हा भाग सरळ ऑप्शनला टाकणार आणि पहिल्या पेपरावर भर देऊन पास होणार. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच्यासमोर पहिला रुग्ण क्षयाचाच येऊ शकतो.

४० हा काही उंच उंबरठा नाही. ३९ ला सोडलं तर उद्या ३८ वाला त्याच कलम १४ चा आधार घेऊन उभा राहील, आणि त्याला नाही म्हणायला तुमच्याकडे कारण उरणार नाही.

कलम २२६

दोघेही तीन वेगळी भांडणं एकत्र करताय. बेरीज चुकली, तपासणी चुकली आणि नियम चुकीचा आहे, या तिन्हींना कोर्टात वेगळी वागणूक मिळते.

बेरीज चुकली असेल तर बहुधा कोर्टापर्यंत जावंच लागत नाही. तपासणी चुकली म्हणाल तर वाट अवघड आहे. १९८४ साली परितोष शेठ प्रकरणात, म्हणजे आपल्याच राज्य मंडळाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमात तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही. डिसेंबर २०१७ च्या रणविजय सिंह निकालात तेच आणखी नेमकं केलं: तरतूद नसेल तर कोर्टाने फार क्वचित हात घालावा, तोही चूक लांबलचक युक्तिवादाशिवाय उघड दिसत असेल तरच. २०२२ मध्ये आंध्रच्या एनटीआर आरोग्य विद्यापीठाच्या प्रकरणात तर उत्तरपत्रिका मागवून पुनर्मूल्यांकनाचा आदेश देणं चूक ठरलं.

अपूर्णांकाचंही तसंच. राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाच्या २०१२ च्या प्रकरणात नर्सिंगच्या विद्यार्थिनीकडे ५४.७१ टक्के होते आणि अट ५५ ची होती. राउंड ऑफ करून प्रवेश मिळाला नाही. मग ३९ चे ४० कोण करणार?

उरतो नियमावरचा हल्ला. तिथे मध्यममार्गींचा मुद्दा कच्चा आहे, पण त्यांनी न मांडलेला एक मुद्दा चांगला आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा, २०१९ च्या कलम ५७ खाली केलेलं विनियमन आणि आयोगाच्या पदवी शिक्षण मंडळाने काढलेली मार्गदर्शक सूचना यांचं वजन सारखं नाही. पास-नापासची अट विनियमनात आहे की नुसत्या सूचनेत, आणि दोन्हींत विसंगती आहे का, हे आधी शोधायचं. याचिकेचा जीव तिथे आहे.

परीक्षा कक्ष

कोर्टाआधीचं काम बहुतेक जण अर्धवट करतात, म्हणून ते लिहितो.

निकाल लागला की उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि रिटोटलिंग (मार्कांची फेरबेरीज) यांची मुदत परिपत्रकात बघा. ती थोड्या दिवसांची असते आणि चुकली की पुन्हा उघडत नाही. दोन्ही अर्ज एकदमच टाका. मुदत गेलीच तर माहिती अधिकार आहे. २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय निकालाने स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' ठरली आहे. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. परीक्षकाचं नाव मिळणार नाही, ते मागण्यात वेळ घालवू नका.

प्रत हातात आली की मार्क बघायच्या आधी पानं मोजा. ऑनस्क्रीन तपासणीत उत्तरपत्रिका स्कॅन होते, आणि दोन पानं चिकटून गेली की मधली दोन पृष्ठं परीक्षकाच्या पडद्यावर येतच नाहीत. तो '४ ब' समोर शून्य किंवा 'उत्तर नाही' अशी नोंद करतो आणि पुढे जातो. त्यात त्याची चूक नसते. पुरवणी जोडली असेल तर तिचा बारकोड मुख्य प्रतीशी जुळतो का पाहा. मग उपप्रश्नांचे मार्क कागदावर स्वतः मांडून बेरीज करा. पर्यायी प्रश्न जास्त सोडवला असेल तर कोणता धरला तेही तपासा.

बहुपर्यायी प्रश्नांचं वेगळं. २०१९ च्या नियमांत त्यांना लेखीच्या २० टक्क्यांपर्यंत जागा होती. उत्तरसूची चुकली असं वाटलं तर १९८३ च्या कानपूर विद्यापीठ प्रकरणाची कसोटी लागते: सूची बरोबरच धरली जाते, ती चूक आहे हे ढळढळीत दाखवावं लागतं. 'दुसरा पर्यायही बरोबर वाटतो' एवढं पुरत नाही. नेमून दिलेल्या पाठ्यपुस्तकाचं पान जोडा.

हे सगळं परीक्षा नियंत्रकांना लेखी द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर विद्यापीठाचा वकील पहिल्याच तारखेला म्हणतो, आमच्याकडे हे कधी आलंच नाही.

मध्यममार्गी

पानं चिकटणं, बारकोड चुकणं हे जर माहीत आहे, तर ३९ हा आकडा इतका अचूक का मानायचा? निबंधवजा उत्तराला एक परीक्षक ६ देतो, दुसरा ७. तेवढ्या फरकावर वर्ष जातं. आणि ओपीडी, रुग्णाचा मुद्दा मान्य, पण नियम ठरवणाऱ्यांना स्वतःला तरी हा उंबरठा इतका पक्का वाटत होता का? २०२३ मध्ये दोन पेपरांच्या विषयांसाठी पासिंग ५० वरून ४० केलं आणि थोड्याच दिवसांत मागे घेतलं. त्या काळात परीक्षेची तयारी करणाऱ्या बॅचने कोणता आकडा धरायचा होता?

ओपीडी

त्या गोंधळाचं समर्थन कोणीच करणार नाही. चालू बॅचला नियम बदलून मिळू नये, हे मलाही पटतं. पण त्यावर औषध अंतरिम आदेश नव्हे. 'तात्पुरतं पुढच्या वर्गात बसू द्या' असा आदेश मिळतो, मुलगा दीड वर्ष पुढे शिकतो आणि याचिका फेटाळली जाते. शिकलेलं सगळं बाद. त्या दीड वर्षात तो तोच विषय पुन्हा देऊन मोकळा झाला असता.

कलम २२६

ही भीती खरी आहे. अंतरिम आदेशावर बसलेल्याला त्या जोरावर हक्क मिळत नाही, हे कोर्ट आदेशातच लिहून देतं. म्हणून याचिका चालू असली तरी सप्लिमेंटरीचा फॉर्म भरायचाच, 'हक्क राखून' असं पत्र सोबत देऊन.

मसुद्यातल्या नेहमीच्या चुका दोन. नियमाला आव्हान द्यायचं आणि आयोगाला प्रतिवादीच करायचं नाही. मग दुरुस्तीत महिने जातात. दुसरी, प्रार्थनेत, म्हणजे याचिकेतल्या मागण्यांत, फक्त 'मला पास घोषित करा' लिहायचं. हे कोर्ट जवळजवळ कधीच देत नाही. सुटलेली पानं तपासून घ्यावीत, निवेदनावर अमुक आठवड्यांत कारणांसह निर्णय द्यावा, या मागण्या क्रमाने आधी लिहा. आणि उशीर नको. पुढचा निकाल लागल्यावर मागच्या निकालाविरुद्ध आलात तर विलंबावरच गाडी अडते.

मध्यममार्गी

नियम रद्द होणार नसेल तर निदान एवढं व्हावं: शेवटच्या अटेम्प्टला दोन मार्कांच्या आत राहिलेली प्रत आपोआप दुसऱ्या परीक्षकाकडे जावी, अर्ज न करता.

परीक्षा कक्ष

ही मागणी मला पटते, आणि ती कोर्टाऐवजी विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाकडे नेण्यासारखी आहे. फक्त अशी प्रत एकटी पाठवली तर परीक्षकाला लगेच कळतं की ही काठावरची आहे, आणि हात सैल सुटतो किंवा मुद्दाम आवळला जातो. आधीचे मार्क झाकून, इतर साध्या प्रतींच्या गठ्ठ्यात मिसळूनच ती जायला हवी. आणि दुसऱ्या परीक्षकाने कमी दिले तर कोणता आकडा धरायचा, हे निकालाच्या आधी छापलेलं हवं. नाहीतर त्यावरच पुढची रिट येईल.

ओपीडी

दुसरी तपासणी चालेल, तिला माझा विरोध नाही. पण दुसऱ्यानेही ३९ च दिले तर नापासच.