शब्दचर्चा: विम्बल्डनमधल्या ‘अपसेट’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न

२०१३च्या विम्बल्डनवर लिहायला बसलोय. पहिल्याच दिवशी राफाएल नदाल स्टीव्ह डार्सिसकडून हरला आणि दोन दिवसांनी रॉजर फेडरर सर्गेई स्ताखोव्हस्कीकडून. दोन्हीकडे ‘धक्कादायक निकाल’ लिहिलं, पण वाचताना फार मिळमिळीत वाटलं. ‘अपसेट’ (बड्या खेळाडूचा अनपेक्षित पराभव) तसाच ठेवावा, तर ‘आज मी जरा अपसेट आहे’ हाच अर्थ आधी डोक्यात येतो. नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद

क्रीडापानांवरचा जुना शब्द ‘सनसनाटी विजय’. पण हल्ली सनसनाटी म्हटलं की बातमीला तिखटमीठ लावल्याचा वास येतो, म्हणून मी टाळते. ‘उलटफेर’ या अर्थानं हिंदी समालोचनातून आलाय, मला तो परकाच वाटतो.

प्रतिसाद

आपण नाम शोधत बसलोय, तिथेच अडतंय. मराठीत असा प्रसंग क्रियापदानं उभा राहतो. ‘नदालला धक्का बसला’ आणि ‘डार्सिसनं नदालला धक्का दिला’ ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात डार्सिस कुठेच नाही, जणू नदाल चालता चालता खांबावर आदळला. आणि ‘धक्कादायक निकाल’मध्ये तर धक्का आपल्याला बसलाय, प्रेक्षकांना! ज्यानं तीन सेटमध्ये ७-६, ७-६, ६-४ असं हरवलं, त्याला वाक्याचा कर्ता होण्याचा मान मिळायलाच हवा.

मग प्रत्येक सामन्याचं क्रियापद वेगळं निघतं. १९९९मध्ये पात्रता फेरीतून आलेल्या सोळा वर्षांच्या येलेना डोकिचनं अग्रमानांकित (स्पर्धेत पहिलं मानांकन मिळालेल्या) मार्टिना हिंगिसला पहिल्या फेरीत ६-२, ६-० असं हरवलं. तिथे ‘चीतपट केलं’ शोभतं, कारण चीतपट म्हणजे पाठ मातीला टेकणं. पण २०१२मध्ये लुकाश रोसोलनं नदालला पाच सेटमध्ये हरवलं तेव्हा ते शोभणार नाही. चौथा सेट नदालनं ६-२ असा घेतला होता. मग सेंटर कोर्टचं छत बंद केलं, खेळ थांबला, आणि दिव्यांच्या उजेडात परतलेला रोसोल दिसेल तो चेंडू जीव खाऊन मारत सुटला. नदालचा फिरकीचा फटका मातीवर खांद्यापर्यंत उसळतो, गवतावर तेवढी उसळी मिळत नाही, चेंडू खालून सरपटत येतो. अशा चेंडूवर सपाट, जोरकस फटके मारणाऱ्याचा एखादा दिवस लागला की समोरच्याला सावरायला वेळच उरत नाही. तिथे मी ‘पाणी पाजलं’ म्हणेन.

हरणाऱ्याच्या बाजूनं ‘गाशा गुंडाळावा लागला’ मला फार आवडतं. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं वस्त्र. ते गुंडाळलं की मुक्काम हलला. पहिल्या-दुसऱ्या फेरीत बाहेर पडणाऱ्याला हे चपखल बसतं. अंतिम फेरीत हरणाऱ्याला मात्र लावू नये, मुक्काम तेव्हा सगळ्यांचाच संपलेला असतो.

प्रतिसाद

क्रमवारी आणि मानांकन यांतही गल्लत नको. क्रमवारी वर्षभराच्या कामगिरीवर ठरते, मानांकन म्हणजे आघाडीच्या मोजक्या खेळाडूंना त्या एका स्पर्धेपुरता दिलेला क्रम. विम्बल्डनमध्ये २००१पासून एकेरीत ३२ मानांकनं देतात, त्याआधी १६ देत. १९८५मध्ये सतरा वर्षांचा बोरिस बेकर बिगरमानांकित होता, पण क्रमवारीत विसावा. विम्बल्डनच्या तोंडावर त्यानं क्वीन्स क्लबची स्पर्धाही जिंकली होती. म्हणून ‘दुबळा’, ‘अनोळखी’ ही विशेषणं बिगरमानांकिताला सरसकट चिकटवू नयेत. २०२३ची विजेती मार्केटा व्हॉन्द्रुशोव्हा, विम्बल्डन जिंकणारी पहिली बिगरमानांकित महिला, त्याआधी फ्रेंच ओपनची अंतिम फेरी खेळलेली होती.

प्रतिसाद

‘उलथापालथ’ कसा वाटतो?

प्रतिसाद

एका सामन्याला नको, अख्ख्या स्पर्धेला जरूर वापरा. २०२५मध्ये पहिल्याच फेरीत पुरुष आणि महिला एकेरीत मिळून २३ मानांकित बाद झाले, ती उलथापालथ. २०१३चा तो बुधवारही तसाच: फेडरर गेला, मारिया शारापोव्हा मिशेल लार्शेर डी ब्रिटोकडून हरली, आणि व्हिक्टोरिया अझारेन्का दुखापतीमुळे कोर्टावर उतरलीच नाही. अझारेन्काला कुणी धक्का दिला नव्हता, तरी त्या दिवसाच्या उलथापालथीत तिचं नाव येणारच.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. शीर्षकात ‘उलथापालथ’ घेतोय. आतली वाक्यं अशी बदलली: ‘क्रमवारीत १३५व्या असलेल्या डार्सिसनं पाचव्या मानांकित नदालला पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळायला लावला. सलग ३६ ग्रँड स्लॅम स्पर्धांत किमान उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या फेडररला स्ताखोव्हस्कीनं, सर्व्हिसमागोमाग पुन्हा पुन्हा जाळ्याकडे धावत, दुसऱ्या फेरीत धक्का दिला.’ ‘धक्कादायक’ दोन्हीकडून काढून टाकलाय.