ॲडव्हान्स्ड स्कूबा कोर्स करावा का? सांगलीकर विचारतोय, सल्ला द्या

कृष्णाकाठचा_मासा:
नमस्कार मंडळी. राहायला सांगलीत, पोहायला कृष्णेत शिकलो त्यामुळं पाण्याची भीती कधी नव्हती. गेल्या हिवाळ्यात अंदमानला हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा ओपन वॉटर (पहिला कोर्स) केला, कार्ड मिळालं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही शिरतच नाही. आता सेंटरवाले म्हणतायत लगेच ॲडव्हान्स्ड करा, डिस्काउंट देतो. मित्र म्हणतो पैसे काढायचे धंदे आहेत सगळे, लेखी पेपर नाही काही नाही, पाच डाइव्ह मारल्या की तू ॲडव्हान्स्ड! वर्षातनं एकदा समुद्र बघणाऱ्या माझ्यासारख्यानं हा खर्च करावा का? आणि ते रेस्क्यू, नायट्रॉक्स वगैरे काय भानगड आहे?

निळी_टोपी:
मित्राचं अर्धं बरोबर आहे. पाच डाइव्ह, त्यातल्या दोन सक्तीच्या, एक डीप आणि एक नेव्हिगेशन, बाकी तीन आपण निवडायच्या. कागदावर फायदा एवढाच की १८ मीटर खोलीची मर्यादा ३० वर जाते. पण ३० ला जाऊन करायचं काय हे आधी स्वतःला विचारा, कारण तिथं दाब वरच्या चौपट, म्हणजे हवाही चौपट वेगानं संपते, आणि पॅडीच्या तक्त्याप्रमाणे पहिल्या डाइव्हला खाली राहायला १८ मीटरवर ५६ मिनिटं मिळतात ती ३० वर २० च उरतात. वर नायट्रोजनची गुंगी, काही लोकांना तिथं साधी बेरीज जमत नाही आणि त्यांना वाटत असतं आपण एकदम टकाटक आहोत. ते एकदा इन्स्ट्रक्टर शेजारी असताना अनुभवलेलं बरं, माझ्या मते डीप डाइव्हचा खरा उपयोग हाच.

उरलेल्या तीनमध्ये बॉयन्सीची (खाली न बुडता, वर न जाता एका पातळीवर तरंगायची) डाइव्ह घ्याच घ्या. नवीन माणूस पाण्यात सायकल मारल्यासारखे पाय मारतो, हवा फस्त करतो आणि प्रवाळाला लाथा घालतो. फोटोग्राफी नंतर.

सातारी_गडी:
आरं भावा एक गोष्ट ध्यानात घे, नावावर जाऊ नको. एसएसआय नावाची दुसरी संस्था आहे, तिथं 'ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर' मिळायला चार स्पेशालिटी (एकेका विषयाचे कोर्स) आणि २४ डाइव्ह लागतात, पॅडीच्या पाच डाइव्हच्या कोर्सशी जुळणारा त्यांचा कोर्स वेगळाच आहे, 'ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचरर'. त्यामुळं कार्डावर काय लिहिलंय ते सोड, इन्स्ट्रक्टर एका वेळी किती जणांना घेऊन उतरतो ते विचार. आणि ओपन वॉटर झाल्या झाल्या लगेच करायची घाई कशाला, मधी थोड्या साध्या डाइव्ह मार, म्हणजे आपलं कुठं चुकतंय ते तरी कळंल. डिस्काउंट काय पळून जात नाही.

कृष्णाकाठचा_मासा:
@सातारी_गडी हे कुणी सांगितलंच नव्हतं, धन्यवाद. मग रेस्क्यूचं काय? २०१९ चा पूर आमच्या गल्लीनं बघितलाय, तेव्हापासून वाटतं की असलं काही शिकून ठेवलं तर गावाच्या उपयोगी पडेल.

निळी_टोपी:
भावना चांगली पण गल्लत करू नका. रेस्क्यू डायव्हर म्हणजे सोबतचा डायव्हर दमला, घाबरला, बेशुद्ध झाला तर त्याला वर आणणं, पाण्यातच श्वास देणं, ऑक्सिजन लावणं. पुराचं पाणी म्हणजे गढूळ, ओढ जबरदस्त, खाली तारा आणि झाडं. तिथं बोट, दोर, लाइफ जॅकेटवाल्या टीमचं काम असतं, त्याचं ट्रेनिंग वेगळं. हौशी डायव्हरनं सिलिंडर लावून कृष्णेच्या पुरात उतरणं म्हणजे अजून एकाला शोधायची वेळ.

पण माझं ऐकाल तर हौशी माणसानं पैसे घालावेत असा कोर्स रेस्क्यूच. ॲडव्हान्स्ड तुम्हाला खोल नेतो, रेस्क्यू तुमची नजर बदलतो, बोटीवर कोण गप्प झालंय, कुणाचा श्वास भरभर चाललाय हे आपोआप दिसायला लागतं. आणि पॅडीत त्यासाठी पूर्ण ॲडव्हान्स्ड लागतही नाही, तीन ॲडव्हेंचर डाइव्ह (ॲडव्हान्स्डच्या त्या पाचांसारख्याच), त्यात नेव्हिगेशन हवीच, आणि सीपीआर (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं) आणि प्रथमोपचाराचं ट्रेनिंग मागच्या २४ महिन्यांतलं. ते सीपीआर मात्र गावात नक्की कामाला येईल.

नायट्रॉक्स म्हणजे जास्त ऑक्सिजनवाली हवा, बहुतेक ठिकाणी ३२ टक्के. खाली जास्त वेळ मिळतो, पण खोली कमी होते, ३२ टक्क्याला साधारण ३३ मीटरच्या खाली जायचं नाही. दिवसाला तीन-चार डाइव्ह मारणाऱ्यांनी करावा, तुम्हाला आत्ता गरज नाही.

घाटवाट:
सगळे कोर्सचं बोलतायत, घाटाचं कोणीच बोलत नाही. आपल्याकडची पब्लिक तारकर्लीला दुपारी डाइव्ह मारते आणि जेवण करून संध्याकाळी गाडी काढते. फोंडा, करूळ, आंबोली कुठलाही घाट चढा, वर साडेपाचशे ते सातशे मीटर, सातारा पण साधारण सातशेला. डायव्हिंगच्या हिशोबात ३०० मीटरच्या वरची उंची वेगळी धरतात. विमानात बसण्याआधी थांबायचा डॅन या डायव्हर सुरक्षेच्या संस्थेचा सल्ला एका डाइव्हनंतर १२ तास आणि जास्त डाइव्ह असतील तर १८ तास, आणि तो ६०० मीटरच्या वरच्या केबिन उंचीला (विमानाच्या आतला दाब जेवढ्या उंचीसारखा असतो तिला) लागू आहे, म्हणजे आंबोली त्या रेषेवरच बसते की! किल्ल्याजवळच्या उथळ ट्राय डाइव्हला (नवख्यांच्या चाखून बघायच्या डाइव्हला) एवढं टेन्शन नाही पण ॲडव्हान्स्डमध्ये दोन दिवस खोल उतरून थेट घाट म्हणजे बेंड्सला (हवेचा दाब कमी झाल्यावर अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणाऱ्या त्रासाला) आमंत्रण. इन्स्ट्रक्टर किनाऱ्यावरचा असतो, त्याला तुम्ही घाटावरचे हे सांगायलाच पाहिजे, आणि एक रात्र मालवणातच काढायची.

सातारी_गडी:
+१. आणि पावसाळ्यानंतर लगेच जाऊ नको, पाणी गढूळ असतंय, नेव्हिगेशन शिकायच्या ऐवजी नुसता कंपास बघत बसशील. दिवाळीनंतरचं बघ. नेत्राणी पण चांगलंय, मुरुडेश्वरहून बोटीनं.

कृष्णाकाठचा_मासा:
ठरलं मग. आधी नुसत्या मौजेच्या डाइव्ह, मग बॉयन्सी, नेव्हिगेशन, डीप या तीन, आणि पुढच्या सीझनला रेस्क्यू. सीपीआरचा क्लास सांगलीतच शोधतो. घरी सांगितलं की डाइव्हनंतर मालवणात एक मुक्काम डॉक्टरी कारणानं वाढवावा लागतोय, सुरमईचं नाव काढल्यावर बायकोचा विरोध मावळला. गाडीत दोन जागा आहेत, डिसेंबरमध्ये कोणी येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, घाट दुसऱ्या दिवशीच चढणार.